मानेतला पॅच आणि बऱ्याच वर्षांनी आलेली गाठ

मानेच्या धमनीचं, म्हणजे कॅरोटिडचं ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षं उलटली आहेत. माणूस ठणठणीत आहे, रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो. एक दिवस दाढी करताना टाक्यांच्या खुणेजवळ हाताला काहीतरी लागतं. दुखत नाही, तापही नाही. इतक्या जुन्या ऑपरेशनशी याचा संबंध असू शकतो का? असू शकतो. त्या वेळी धमनीला कृत्रिम कापडाचा पॅच लावलेला असेल, तर तपासणीत तसं नाही हे दिसेपर्यंत संबंध आहे असंच धरून चालावं. आणि तोपर्यंत त्या गाठीत कुणालाही सुई घालू देऊ नये, चिरा देऊ देऊ नये, घरी शेकू नये, चोळू नये.

मी ठाण्यात फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांचं ऑपरेशन बहुतेक वेळा मुंबईत किंवा नवी मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात झालेलं असतं. एक-दोन वेळा ते सर्जनकडे दाखवायला जातात, मग बीपी आणि शुगरच्या गोळ्यांसाठी आमच्या दवाखान्यात येऊ लागतात आणि मानेचा विषय मागे पडतो. डिस्चार्ज कार्डावर ‘पॅच’ हा शब्द असतो, पण तो म्हणजे काय हे घरात कुणालाच माहीत नसतं. ते माहीत असायला हवं, कारण तो पॅच आयुष्यभर मानेत राहणार असतो.

मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते. साधारण कंठमण्याच्या पातळीला तिच्या दोन शाखा होतात. एक चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. या फाट्यावर रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही, तिथे भोवरे होतात आणि नेमकं तिथेच चरबी-चुन्याचं कीट साठत जातं. धमनी अरुंद होते हा त्रासाचा एक भाग. त्याहून मोठा धोका म्हणजे त्या किटाचा कण किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी सुटून मेंदूत जाते. मग एका डोळ्यापुढे काही मिनिटं अंधारी येते, एका हातातली ताकद जाते, जीभ अडखळते. काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत सगळं पूर्ववत झालं तर त्याला मिनी स्ट्रोक म्हणतात. पूर्ववत झालं नाही, तर तो पॅरालिसिस.

अशा रुग्णांसाठी हे ऑपरेशन खरोखर उपयोगाचं आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे १९९१ साली आले. धमनी ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद झालेली आणि नुकताच मिनी स्ट्रोक किंवा सौम्य स्ट्रोक येऊन गेलेला, अशा लोकांमध्ये नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक आला. ऑपरेशन झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ९ टक्के होतं. तेव्हापेक्षा आजची औषधं चांगली आहेत, तरी अशा रुग्णांत ऑपरेशनचं महत्त्व टिकून आहे. पुढे मी जे धोके सांगणार आहे ते वाचून कुणी ऑपरेशनच नको म्हणून बसू नये, यासाठी हे आधी सांगितलं.

ऑपरेशनमध्ये सर्जन धमनी उभी उघडतात, आतलं कीट अस्तरासकट सोलून काढतात आणि धमनी पुन्हा शिवतात. पॅच येतो तो शिवताना. सदऱ्याच्या बगलेत शिंपी कळी घालतो ना, तसंच. नुसत्या दोन कडा एकमेकींना जोडल्या तर तेवढी जागा आवळली जाते. मधे एक लांबट तुकडा बसवला की घेर मोकळा राहतो. धमनी मुळात पेन्सिलइतकीच जाड, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरनेही फरक पडतो. पॅच लावलेल्या धमन्या पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण नुसत्या शिवलेल्या धमन्यांपेक्षा कमी असतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून आज बहुतेक सर्जन पॅच लावतात. काही जण धमनी आडवी कापून, उलटी करून साफ करतात. त्या पद्धतीत सहसा पॅच लागत नाही, त्यामुळे ‘ऑपरेशन झालं म्हणजे पॅच असणारच’ असंही नाही.

पॅच कशाचा असतो? सगळ्यात जुना आणि अजूनही खूप वापरला जाणारा कृत्रिम प्रकार म्हणजे डेक्रॉन. हा पॉलिएस्टरचा धागा आहे, ज्या धाग्याला आपल्याकडे टेरिलीन म्हणायचे आणि ज्याच्या टेरिकॉट पॅण्ट एका पिढीने घातल्या तोच. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात डेक्रॉनच्या सुरुवातीच्या कृत्रिम रक्तवाहिन्या स्वतः शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. कॅरोटिड साफ करण्याचं यशस्वी ऑपरेशनही त्यांनी १९५३ मध्ये केलं होतं. दुसरा कृत्रिम प्रकार पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या कुळातला. काही सर्जन रुग्णाच्याच पायातली शीर कापून तिचा तुकडा वापरतात. त्यात जंतू घर करण्याची भीती कमी, पण घोट्याजवळची पातळ शीर घेतली तर ती फाटू शकते, आणि पुढे बायपास लागलाच तर ती शीर आधीच खर्ची पडलेली असते. चौथा प्रकार गोवंशाच्या हृदयाभोवतालच्या आवरणापासून तयार केलेला असतो. काही घरांत हे चालत नाही. तसं असेल तर ऑपरेशनच्या आधी सर्जनना मोकळेपणाने सांगावं, त्यांना दुसरा पॅच वापरता येतो. यातला सर्वांत चांगला कुठला, यावर सर्जनमध्येही एकमत नाही.

आता मूळ मुद्दा. पहिल्या महिन्यातल्या अडचणी हॉस्पिटलवाले नीट समजावून सांगतात: रक्तस्राव, स्ट्रोक, बीपीची चढउतार, आणि मेंदूला एकदम जास्त रक्त मिळू लागल्याने त्याच बाजूला होणारी तीव्र डोकेदुखी किंवा फिट. यांचा काळ काही आठवड्यांत संपतो. त्यानंतर, महिन्यांनी किंवा वर्षांनी, पॅचशी निगडित तीन गोष्टी होऊ शकतात. पॅचला जंतुसंसर्ग, शिवणीपाशी धमनीला फुगवटा, आणि धमनी पुन्हा अरुंद होणं. पहिल्या दोन दुर्मीळ आहेत. संसर्ग शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. पण दुर्मीळ असल्यामुळेच त्या ओळखायला उशीर होतो, म्हणून त्यांवर मी जास्त लिहिणार आहे.

संसर्ग दोन वेगळ्या काळांत दिसतो. ऑपरेशननंतर साधारण दोन महिन्यांच्या आत होतो तो सहज कळतो: जखम लाल होते, पू येतो, ताप चढतो. जंतू बहुधा आक्रमक असतो, बरेचदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. दुसरा संसर्ग सहा महिन्यांनंतर केव्हाही डोकं वर काढतो, कधी कधी खूप वर्षांनीही. यामागे अनेकदा आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारखे जंतू असतात. ऑपरेशनच्या वेळीच ते कापडावर चिकटलेले असू शकतात. स्वतःभोवती ते एक चिकट थर तयार करतात. त्या थरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही पुरेसं पोचत नाही. जिवंत ऊतीत अशा जंतूंचा शरीर निकाल लावतं. पॉलिएस्टरच्या धाग्यात रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे तिथे ते वर्षानुवर्षं दबून राहतात.

म्हणूनच उशिरा येणाऱ्या संसर्गात ताप नसू शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल येऊ शकतो. नुसती एक मऊसर सूज असते, किंवा जुन्या खुणेवर टाचणीच्या टोकाएवढं भोक पडून त्यातून थोडंसं पाणी येत राहतं, खपली धरते, पुन्हा ओलं होतं. माणसाला आजारी असल्यासारखं वाटतच नाही.

कळवा भागातले एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. डाव्या कॅरोटिडचं ऑपरेशन झालेलं, मग कित्येक वर्षं काहीही तक्रार नाही. खुणेच्या खालच्या टोकाला सुपारीएवढी गाठ आली. घरात हळदीचं पोटीस बांधून झालं. जवळच्या एका दवाखान्यात गळू सांगून अँटिबायोटिक दिलं गेलं, त्याने सूज उतरली. गोळ्या संपल्यावर पुन्हा आली. मग तिथेच चिरा द्यायचं ठरलं, आणि सुनेला काय वाटलं कोण जाणे, ती त्यांना ‘एकदा दाखवून घेऊ’ म्हणून माझ्याकडे घेऊन आली. दोन बोटं अलगद ठेवली तर गाठ बोटांना फक्त वर उचलत नव्हती, प्रत्येक ठोक्याला बोटं एकमेकांपासून बाजूलाही ढकलत होती. अशी गाठ म्हणजे आत धमनीतलं रक्त आहे. त्या दवाखान्यात तिला ब्लेड लागलं असतं तर काय झालं असतं, हे मी सुनेला तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

सुनेचं मला मनापासून कौतुक वाटतं. घरातल्या एका माणसाने ‘आधी जुनं ऑपरेशन झालंय त्याच जागी हे आलंय’ एवढं लक्षात ठेवणं पुरेसं असतं.

इथे एक सावधगिरी. ठोके लागत नाहीत म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही. पॅचभोवती नुसता पू साठला असेल तर ती उडत नाही. उलट धमनीवर बसलेली एखादी साधी लसिकाग्रंथीही उडते. त्यामुळे घरी बोटं लावून निष्कर्ष काढायचा नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबून तर अजिबात बघायचं नाही. पहिली तपासणी डॉप्लर सोनोग्राफी. तिला सुई लागत नाही, किरण लागत नाहीत. पॅचभोवती द्रव आहे का, फुगवटा आहे का हे दिसतं, आणि कापड सपाट न राहता सुरकुतलेलं दिसलं तर ती संसर्गाची लवकरची खूण असू शकते. मात्र सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘मानेतली गाठ’ एवढंच लिहून चालत नाही. कॅरोटिडचं ऑपरेशन झालंय, पॅच आहे, हे रेडिओलॉजिस्टना स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर ते थायरॉइड आणि ग्रंथी बघून रिपोर्ट देतील. त्यानंतर सीटी अँजिओग्राफी. त्यात शिरेतून डाय देतात, म्हणून मधुमेह किंवा किडनीचा त्रास असलेल्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधी बघतात. तरीही शंका उरली तर कधी कधी पेट-सीटी, म्हणजे संसर्ग कुठे धुमसतोय ते दाखवणारं स्कॅन, करतात.

‘तोपर्यंत एक अँटिबायोटिकचा कोर्स देऊन बघू’ हे मात्र टाळायला हवं. ताप नसलेल्या, स्थिर रुग्णात असा कोर्स दोन्हीकडून नुकसान करतो. सूज तात्पुरती बसते आणि दिवस जातात. शिवाय पुढे पू तपासायला पाठवला की जंतू वाढत नाही, आणि नेमकं औषध निवडणं अवघड होतं.

संसर्ग झालेला पॅच नुसत्या गोळ्यांनी बहुधा बरा होत नाही. पुन्हा ऑपरेशन करून तो पूर्ण काढावा लागतो आणि त्या जागी रुग्णाच्या मांडीतल्या शिरेचा तुकडा बसवतात. पुन्हा कृत्रिम कापड लावलं तर जंतू त्यावरही बसण्याची भीती असते. सोबत काही आठवडे अँटिबायोटिक. हे दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कठीण असतं. सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, जिभेच्या आणि आवाजाच्या नसा त्यात गुरफटलेल्या असतात. म्हणून ते रक्तवाहिन्यांच्या सर्जननेच, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जननेच करावं. ज्यांना लगेच मोठं ऑपरेशन झेपणार नाही किंवा ज्यांना रक्तस्राव सुरू झाला आहे, त्यांच्यात कधी धमनीच्या आतून कापड चढवलेला स्टेंट घालून वेळ मिळवतात. पण मग नवी परकी वस्तू जंतूंच्या जागीच राहते. धमनी कायमची बांधून टाकणं हा शेवटचा मार्ग आहे, आणि त्यात स्ट्रोकचा धोका असतो. काकांचा पॅच काढला, मांडीतली शीर लावली. आवाज काही महिने घोगरा होता, आता बरा आहे.

दुसरी गोष्ट फुगवट्याची. शिवणीचा एखादा टाका सैल झाला, किंवा सोलून पातळ झालेली धमनीची भिंत टाक्यापाशी विरली, तर रक्त भिंतीबाहेर येतं आणि भोवतालच्या ऊतीत स्वतःची एक पिशवी करून घेतं. पिशवीला धमनीची खरी भिंत नसते, म्हणून तिला खोटा फुगवटा म्हणतात. पुष्कळ वेळा याच्या मुळाशीही दबलेला संसर्गच निघतो, त्यामुळे सर्जन काढलेला पॅच न चुकता कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, पाठवतात. फुगवटा वाढला की शेजारच्या नसा दाबतो. आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो, जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळते. आतल्या गुठळीचा कण सुटून स्ट्रोकही येऊ शकतो. फुटण्याचं प्रमाण कमी आहे, पण मानेत फुटलेल्या धमनीला वेळ मिळत नाही.

धमनी पुन्हा अरुंद होणं हे या तिघांत सर्वांत जास्त आढळतं आणि तुलनेने सौम्य असतं. अमेरिकेतल्या क्रेस्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांत सुमारे ६ टक्के रुग्णांची धमनी पुन्हा बरीच अरुंद झाली किंवा बंद झाली. पहिल्या दोनेक वर्षांत जे अरुंदपण येतं ते आतल्या अस्तराच्या जाड होण्याने येतं. ते गुळगुळीत असतं, त्यातून कण सहसा सुटत नाहीत, काही वेळा ते आपोआप थोडं ओसरतंही. त्यानंतर येतं ते मूळचंच चरबीचं कीट, म्हणजे जुना आजार पुन्हा. दोन्ही सुरुवातीला काहीच लक्षण देत नाहीत, म्हणून डॉप्लर: ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात एकदा, मग साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. किती वर्षं, ते सर्जन ठरवतील. दर वेळी जुने रिपोर्ट सोबत न्या. पॅचमुळे धमनीचा आकार बदललेला असतो, त्यामुळे एकट्या रिपोर्टपेक्षा मागच्या वर्षीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त सांगून जाते. आणि डॉप्लर करताना दुसऱ्या बाजूची कॅरोटिडही बघून घ्यायचीच.

कशाची काळजी करायची नाही, तेही सांगतो. कानाची पाळी आणि जबड्याखालची कातडी बधिर राहणं सर्रास दिसतं. कातडीची बारीक नस कापली गेलेली असते. दाढी करताना तिथे कापलं तर कळत नाही, एवढी जपणूक पुरे. ऑपरेशननंतर लगेच आवाज बसला होता किंवा ओठाची एक बाजू वाकडी होती आणि आता ते सुधारत चाललंय, हेही बहुतेकांचं काही महिन्यांत भरून येतं. फरक ओळखायचा तो असा: तेव्हाच सुरू झालेलं आणि कमी होत जाणारं, हे नसांच्या ताणाचं. मधे चांगला गेलेला काळ आणि मग नव्याने आलेलं काहीही, मग ती सूज असो, ओलावा असो, आवाज असो की गिळण्याचा त्रास, हे त्याच आठवड्यात दाखवायचं. गाठ भराभर वाढत असेल किंवा कातडी निळसर-लाल, चकचकीत दिसत असेल, तर त्याच दिवशी.

औषधांबद्दल थोडक्यात. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना कायमची असते. ‘ऑपरेशन झालं, आता कशाला’ म्हणून गोळ्या सोडलेले लोक मला नेहमी भेटतात. दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी बंद करणारेही. दातांच्या डॉक्टरांना पॅचबद्दल सांगा, आणि गोळी बंद करायची की नाही ते त्यांना तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू द्या. मिश्री आणि तंबाखू सुटलीच पाहिजे. यावर मी तडजोड करत नाही, कारण हाच आजार हृदयाच्या धमन्यांतही असतो आणि या रुग्णांचा जीव पुढे बरेचदा हृदयविकारानेच जातो.

आज घरी बसून करण्यासारखं काम म्हणजे कागद शोधणं. डिस्चार्ज कार्डाइतकीच ऑपरेशन नोट महत्त्वाची. तीत पॅच कशाचा, कुठल्या बाजूला, हे लिहिलेलं असतं. नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून मागा. वेळ जाऊ देऊ नका, जुनी रेकॉर्ड्स कायम ठेवली जातातच असं नाही. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. घोडबंदर रोडला राहत असाल किंवा ऐरोली-घणसोलीकडे, आपल्या बाजूच्या कुठल्या हॉस्पिटलात व्हॅस्क्युलर सर्जन आहेत आणि कुठे रात्रीही सीटी होतो, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. प्रत्येक नर्सिंग होममध्ये ही सोय नसते, आणि माजिवड्याच्या गर्दीत अडकलेल्या गाडीत बसून ही चौकशी होत नाही. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही अचानक झालं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. थेट सीटी असलेल्या हॉस्पिटलात जा.

मानेतल्या गाठीतून किंवा जुन्या खुणेतून लाल रक्त आलं, थोडं येऊन थांबलं तरी, १०८ ला फोन करा. स्वच्छ रुमालाची घडी नेमकी त्या जागी ठेवून बोटांनी घट्ट दाबून धरा आणि हॉस्पिटलमध्ये दुसऱ्याचा हात तिथे येईपर्यंत सोडू नका. मानेभोवती कापड आवळून बांधू नका. आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सर्वांत आधी हे वाक्य सांगा: ‘यांच्या कॅरोटिडमध्ये कृत्रिम पॅच आहे, व्हॅस्क्युलर सर्जनना बोलवा.’